वाणीचा रकाना

बाबांच्या तब्येतीच्या फॉर्मवर नऊ रकाने होते आणि त्यातल्या आठांवर सही झाली होती. डोळे, कान, रक्तदाब, हाताची पकड, जिना चढणे, चक्कर, झोप, स्मरण. स्मरणाच्या डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? बाबांनी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि त्यांच्या केबिनबाहेर आपण किती वेळ ताटकळलो तेही सांगितलं. सही लगेच मिळाली. नववा रकाना वाणीचा होता आणि तिथे घोडं अडलं.

झालं होतं असं की दीड महिन्यापूर्वी, सकाळी दात घासताना, बाबांच्या मेंदूला छोटासा झटका आला. छोटासा हा डॉक्टरांचा शब्द. आईने तो त्यांना अजून माफ केलेला नाही. तोंड डावीकडे जरा उतरलं, डावा हात दोन दिवस रुसला, मग सगळं जागच्या जागी आलं. तिसऱ्या आठवड्यात बाबा कपाटावरची जड बॅग एका हाताने खाली काढत होते आणि आई शेजारी उभी राहून त्यांचा उद्धार करत होती. म्हणजे घर पूर्ववत झालं.

बाबा क्रेन चालवतात. मालाच्या यार्डात लोखंडी पेट्या उचलणारी चार मजली क्रेन आहे, तिच्या माथ्यावर काचेची एक खोली आहे, आणि त्या खोलीत एकोणतीस वर्षं बाबा आहेत. खालची माणसं वॉकीटॉकीवर सांगतात, बाबा उत्तर देतात, पेटी हलते. उत्तर नीट कळलं नाही तर कुणाच्या तरी टाळक्यात वीस टन पडायचे, म्हणून वाणीचा रकाना. नियमात खोट काढण्यासारखं काही नाही; मी प्रयत्न करून पाहिला. महिनाअखेरपर्यंत नववी सही आली नाही तर बाबांना कायमचं खाली घेणार होते, स्टोअरमध्ये, हातमोजे आणि हेल्मेटं वाटायला. त्या काचेच्या खोलीबद्दल बाबा जितक्या मायेने बोलतात तितक्या मायेने ते आमच्याबद्दल कधी बोललेले नाहीत. ते म्हणाले, हातमोजे वाटण्यापेक्षा मी घरी बसेन, आणि घरी बसलो तर तुझी आई मला जिवंत ठेवणार नाही. आईने ते नाकारलं नाही.

वाणीच्या बाई दुसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला बसायच्या. खोलीत एक आरसा, टिश्यूचा डबा आणि भिंतीवर जीभ उभी कापल्याचं मोठं चित्र. बाई गोऱ्या, पन्नाशीच्या, आणि स्वभावाने इतक्या चांगल्या की त्यांच्यावर रागावताच येईना. मला अशी माणसं आवडत नाहीत. रागावता आलं पाहिजे.

त्यांनी बाबांसमोर एकेक करत चाळीस चित्रांची कार्डं धरली. छत्री, कुलूप, शिडी, असलं काहीबाही. बाबांनी चाळीसही वस्तू ओळखल्या. बाईंनी सतरांवर फुली मारली.

आता यात गोम अशी की त्या सतरा फुल्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत. बाबा चोविसाव्या वर्षी या शहरात आले आणि इथली भाषा त्यांनी कामावर, कानाने, घाईघाईत उचलली. तिच्यात घरच्या भाषेचा हेल राहिला तो राहिला. आमच्या गल्लीत सगळेच तसं बोलतात. आमच्या रंगाची माणसं तशीच बोलायची, असं बाकीचं शहरही धरून चालतं, आणि आम्ही त्याला फारसा धक्का लावत नाही. मी बाईंना सांगितलं की हे झटक्यामुळे नाही, बाबा पहिल्यापासून असेच बोलतात. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. म्हणाल्या, घरच्यांना सवय होते हो, मग आधी कसं होतं ते आठवेनासं होतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही यांच्याच घरात वाढलात ना?"

हो म्हटलं.

"मग तुमचे उच्चार इतके स्वच्छ कसे?" त्यांनी हे अगदी कौतुकाने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांचं उत्तर तयार होतं. मूल घरात ऐकतं तसंच बोलतं. मुलगी स्वच्छ बोलते, म्हणजे वडीलही आजारापूर्वी स्वच्छ बोलत असणार.

म्हणजे बाबांच्या विरुद्ध एकच पुरावा होता आणि तो शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसला होता.

माझ्या बोलण्याची हकिगत सांगायला हवी. अकराव्या वर्षी मला शाळेत लक्षात आलं की मी तोंड उघडलं की बाई माझ्याशी जरा हळू बोलतात, आणि वर्गातल्या हुशार मुलींशी भरभर. मला भरभर हवं होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलायला शिकले. न्हाणीघरात, नळ सोडून. पाणी वाया घालवते म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या, पण जूनमध्ये शाळेत गेले ती दुसऱ्याच तोंडाने गेले. तेव्हापासून घरात फोन करायचं काम माझं. दवाखाना, वीज, शाळा, सगळ्यांशी मीच बोलायचे. आत्ता ज्या घरात आम्ही राहतो ते मी तेराव्या वर्षी फोनवर मिळवलं. घरमालक चावी घेऊन आला, आम्हा तिघांना पाहिलं, आणि फोन केलेल्या बाई मागून येतायत का म्हणून दोन मिनिटं जिन्याकडे बघत राहिला. पण हो म्हणून बसला होता बिचारा.

आता मी कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीत तक्रारी घेते, फोनवरच. एक आजी महिन्यातून दोनदा तरी फोन करतात. मला म्हणतात, बाळा, दुरुस्तीला तुझ्यासारखं कुणी पाठव गं, मागच्या वेळसारखा तसला नको. मी शेरा लिहिते: ग्राहकाला माझ्यासारखं कुणी हवं आहे. मग ज्याची पाळी असेल तो जातो, आणि तो बहुतेक वेळा आमच्याच रंगाचा असतो. म्हणजे मागणी शब्दशः पूर्ण होते, तरी त्यांची तक्रार येतेच.

असो. बाईंनी बाबांना व्यायाम दिले. आरशासमोर गाल फुगवायचे, जीभ नाकाकडे न्यायची, ओठांचा चंबू करून वीस आकडे म्हणायचे. बाबांनी तीन आठवडे इमानेइतबारे केले. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. आई समोर बसून भाजी निवडायची आणि म्हणायची, लग्नाच्या वेळी हे केलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. दुसऱ्या तपासणीत सतराच्या सोळा फुल्या झाल्या. बाईंना आनंद झाला. त्या वेगाने बाकीच्या फुल्या जायला आणखी अकरा महिने लागले असते, आणि महिना संपत आला होता.

मी घरी एका संध्याकाळी तसलीच चाळीस चित्रं काढून आईची परीक्षा घेतली. एकवीस फुल्या. आईला आजवर सर्दीपलीकडे काही झालेलं नाही.

मग मला मुकादम आठवले. बाबांच्या क्रेनखाली वीस वर्षं उभे राहिलेले, गोरेपान, उन्हात लाल होणारे, सात पिढ्या याच शहरातले. त्यांच्याहून चांगला साक्षीदार कोण? मी त्यांना बाईंचा नंबर दिला आणि म्हटलं, एवढंच सांगा की ते आजारापूर्वीही असेच बोलायचे. मुकादम म्हणाले, एवढंच ना, आत्ता करतो. त्यांनी केलाही. दोन दिवसांनी बाईंचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड. म्हणाल्या, तुमच्या काकांचा फोन आला होता, पण नातेवाइकांची शिफारस आम्हाला चालत नाही.

मी कपाळावर हात मारला. मला हे आधी सुचायला हवं होतं. यार्डात वॉकीटॉकीवर जे बोलतात ते सगळ्यांनी बाबांकडून उचललंय. वर जुना माणूस तोच, त्याला कळेल असंच खालून बोलायचं, आणि नवा माणूस आला की तो तीच ढब शिकतो. वर घ्या, थांबा, डावीकडे, सावकाश, हे शब्द त्या यार्डात कुणीही, कुठल्याही रंगाचं, बाबांच्याच हेलात बोलतं. मुकादम घरी बायकोशी कसे बोलतात देव जाणे, पण क्रेनचा विषय निघाला की ते आमच्या गल्लीतले होतात. आणि फोनवर त्यांनी क्रेनखेरीज दुसरा विषयच काढला नव्हता.

मुकादमांना सांगितलं तर ते म्हणाले, मी स्वतः येतो, माझं तोंड बघू दे बाईंना. गोष्ट तिथेच मिटली असती. पण बाबांनी मोडता घातला. "माझ्याकडून बोलायला शिकलेल्या माणसाने येऊन सांगायचं की मला बोलता येतं? नको."

मी खूप समजावलं. भांडलेही. म्हटलं, मान महत्त्वाचा की क्रेन? बाबा म्हणाले, मान खाली ठेवून वर चढता येत नाही मला. मला त्यांचा भयंकर राग आला आणि ते बरोबर बोलतायत असंही वाटलं. असं दोन्ही एकदम वाटलं की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीच परत घासली.

शेवटची तपासणी महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी होती. बाई आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या होत्या, घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोलणं नेमकं असंच असेल आणि मी ते स्वतः तपासलं, तर मला 'आजार नाही, मूळची ढब' असं लिहिता येईल. मी म्हटलं, आहे की, माझी आई. आईला चांगले कपडे घालून, बसमध्ये बसवून नेलं.

आधी दहा मिनिटं बाई माझ्याशीच बोलल्या. मी मशीनच्या कंपनीत आहे हे कळल्यापासून त्यांना विचारायचं होतं. त्यांचं मशीन पिळताना घरभर चालत जायचं. मी विचारलं, पाय सारखे टेकतात का? त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही किती छान समजावून सांगता. आई आणि बाबा भिंतीवरच्या जिभेकडे बघत बसले होते.

मग आईसमोर कार्ड धरलं. छत्री. आईने छत्रीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. दुसरं कार्ड. तिसरं. घरी एकवीस फुल्या मिळवणारी माझी आई, जिच्यापुढे बाबांचं काही चालत नाही, तिच्या तोंडाला कुलूप. परक्या माणसासमोर ती भाषा ती कधीच बोललेली नाही. बोलायला मी होते ना. मी कानाशी लागून म्हटलं, आई, एक शब्द बोल. ती आमच्या भाषेत कुजबुजली, "माझ्यामुळे तुझ्या बाबांचं काही बिघडलं तर?" बाईंनी अलगद कार्डं खाली ठेवली आणि विचारलं, यांनाही कधी झटका येऊन गेलाय का?

बाबांनी फॉर्मची घडी करायला घेतली. हा माणूस परवापासून हेल्मेटं वाटणार. मी खुर्ची पुढे ओढली.

"माझं बोलणं तपासा," मी म्हटलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, तुमचं काय तपासायचं? मी म्हटलं, हे माझं कामावरचं बोलणं आहे, सवयीचं. घरचं वेगळं. घरी मी बाबांसारखीच बोलते. हे धडधडीत खोटं होतं. घरी मी आमच्या भाषेत बोलते, आणि इथली भाषा घरातही रेडिओवरच्या बाईसारखीच बोलते. आई जमिनीकडे बघायला लागली. खोटं ऐकलं की ती तसंच करते.

बाईंनी कार्डं उचलली. मी एक श्वास घेतला आणि बाबांच्या आवाजात सुरुवात केली.

छत्री. कुलूप. शिडी. मला वाटलं होतं अडखळेन. छे. जीभ आपोआप वळत होती. शब्द कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, शेवटी आवाज कुठे वर न्यायचा, सगळं तयार होतं. बाबा कठीण शब्दाआधी घसा किंचित खाकरतात, तेही आलं. बाईंची पेन्सिल फुल्या मारत होती. विसाव्या कार्डाच्या आसपास मी बाबांकडे पाहिलं. आधी त्यांना मजा वाटत होती. मग वाटेनाशी झाली. घरात ऐकून कुणी इतकं हुबेहूब बोलत नाही, त्याला सराव लागतो. बाबांनी एकोणतीस वर्षं माणसं शिकवून तयार केलीत. सराव केलेलं त्यांना ओळखू येतं.

पण थांबता येईना. मी चाळीसच्या चाळीस म्हटली.

बाईंनी बाबांचा पहिला कागद आणि माझा कागद शेजारी ठेवला. सतरा आणि सतरा, त्याच जागी. "म्हणजे हे खरंच मूळचं आहे," त्या म्हणाल्या, आणि नवव्या रकान्यात सही केली. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं.

मग त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत सांगितलं: हा कागद. खाली. खिडकीवर. द्यायचा. हाताने हवेत खिडकीचा चौकोन काढून दाखवला. विचारलं, समजलं ना? की लिहून देऊ? पंधरा मिनिटांपूर्वी याच बाई माझ्याकडून मशीनचे पाय समजून घेत होत्या. मला वाटतं, तीन भेटींत त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना माझा रंग दिसला. तोवर माझा आवाज मध्ये येत होता.

"समजलं, बाई," मी बाबांच्याच हेलात म्हटलं. सही अजून ओली होती.

बोळात आल्यावर आई पाणी प्यायला गेली. बाबा लिफ्टपाशी उभे राहिले, पण बटण दाबलं नाही.

"कुठे शिकलीस?"

"काय?"

"माझं बोलणं."

खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी हात चांगला बसला होता. पण जमेना. मी सांगितलं की शाळेत. मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमायच्या आणि मी त्यांना माझे बाबा करून दाखवायची. बाबा दुकानात, बाबा बसमध्ये, बाबा क्रेनवर. क्रेनला सगळ्यांत जास्त मागणी असायची.

"हसायच्या?"

"हो."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी सगळ्या नातेवाइकांना सांगत आलो," ते म्हणाले. "पोरीला इथली भाषा आपल्यासारखी बोलता येत नाही, त्यात तिचा काही दोष नाही, इथली शाळा. वीस वर्षं सांगतोय. मला वाटायचं, तुला येतच नाही."

मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. मी लहान होते. ते म्हणाले, हो, लहान होतीस. बस्स, तेवढंच. मला रडू आलं आणि आई पाणी पिऊन आली, म्हणून ते गिळलं.

खाली खिडकीवर एक पोरगेलीशी कारकून बसली होती. सवयीने मी पुढे झाले. बाबांनी माझ्या हातातून फॉर्म काढून घेतला आणि स्वतः आत सरकवला. तिने काहीतरी विचारलं. बाबांनी सांगितलं. तिला कळलं नाही, तिने कान पुढे केला. बाबांनी तेच पुन्हा सांगितलं. तिने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. आमच्या मागे रांग वाढत होती आणि कुणीतरी उसासा सोडला.

"बाबा, मी बोलू का?"

"नको," बाबा म्हणाले. "तू कोणत्या आवाजात बोलशील, मला आता भरवसा नाही."

आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेच, त्याच हेलात, अजिबात घाई न करता. कारकून बाईने या वेळी नीट ऐकलं आणि शिक्का मारला.